बॅटन फिरवताना हातातून निसटतो, पकड नेमकी कशी असावी?

सरावाच्या बॅगवर मारताना बॅटन (पोलिसांकडे असतो तसा आखूड दांडा) मुठीत फिरतो आणि थोड्याच वेळात मनगटापासून कोपरापर्यंत हात भरून येतो, असं तुम्ही लिहिलंय. दोन्हींचं मूळ बहुधा एकच आहे: तुम्ही सगळी मूठ आवळताय, आणि जोर अंगठा-तर्जनीकडे जातोय. तो करंगळी आणि अनामिकेत हवा.

बॅटन हातोड्यासारखा धरा. आधी करंगळी मिटा, मग अनामिका, मग मधलं बोट. तर्जनी नुसती टेकलेली पुरे. मुठीखाली दांड्याचं टोक किंचित बाहेर राहू द्या.

अंगठ्याची गोष्ट मात्र जरा सविस्तर सांगायला हवी. बरेच जण तो दांड्यावर सरळ ठेवतात, त्याने नेम बरा लागतो असं वाटतं. पण मग फटक्याचा धक्का थेट अंगठ्याच्या सांध्यावर येतो आणि मूठही बंद होत नाही. अंगठा वळवून बोटांवर आणा. समोरच्याने दांडा पकडून हिसका दिला, तर बॅटन निसटतो तो अंगठा आणि बोटं जिथे मिळतात तिथूनच. ती जागा घट्ट हवी.

आता आवळायचं कधी? फिरवताना मूठ सैलसर, लागण्याच्या क्षणी घट्ट, लगेच पुन्हा सैल. मनगट त्या क्षणी सरळ पाहिजे, वाकलेलं असलं तर दुखणारच. हे आधी अगदी सावकाश, हवेतच करा. वेग आपोआप येतो. हातमोजे घालणार असाल तर सरावही मोजे घालूनच, कारण त्यांनी दांडा जाड लागतो. मनगटात अडकवायच्या पट्टीच्या मी विरोधात आहे: बॅटन कुणी धरला तर त्यासोबत तुमचा हातही अडकतो.

आडव्या मुठीचा, टोन्फासारखा बॅटन असेल तर तत्त्व तेच. फक्त बॅटनची ती आडवी मूठ हातात फिरू द्यायची आणि शेवटी आवळायची.

पकड जमली की लक्ष्याचं बोला. डोकं, मान, पाठीचा कणा वर्ज्य. मांडी, दंड असे मांसल भाग. बॅटन बाळगायला तुमच्याकडे परवानगी आहे का, तेही आधी पाहा. आणि घर्षणाने अडकणारा टेलिस्कोपिक (एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा) बॅटन असेल तर टोकाने जोरात भोसकू नका, नळ्या आत सरकून तो मिटतो.