अमेरिकेत मुलाच्या ८ वर्षांखालच्या आइस हॉकी संघाला मदतनीस कोच म्हणून जायचं असेल, तर कोणतं प्रशिक्षण लागतं?

मदतनीस असलात तरी सर्टिफिकेशनमधून सुटका नाही. मुख्य आणि सहाय्यक, दोघांनाही यूएसए हॉकीचे, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय आइस हॉकी संघटनेचे नियम लागू होतात.

आधी यूएसए हॉकीची त्या सीझनची नोंदणी करा. मग पार्श्वभूमी तपासणी आणि सेफस्पोर्ट, म्हणजे मुलांचा छळ-शोषण ओळखणं व रोखणं याचं ऑनलाइन प्रशिक्षण. हे उरकून टाकायचं काम समजू नका. मला तर सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं.

कोचिंगचे टप्पे म्हणजे लेव्हल. तुमची सुरुवात लेव्हल १ पासून. एका सीझनमध्ये एकच लेव्हल करता येते, त्यामुळे घाई करून उपयोग नाही. शिवाय ८ वर्षांखालच्या गटाचं वेगळं ऑनलाइन मॉड्यूल करावं लागतं. पुढे मुलासोबत वरच्या गटात गेलात की त्या गटाचं नवीन. या वयात पूर्ण रिंकऐवजी आडव्या, छोट्या भागात का खेळवतात, हे त्यात नीट कळतं. नाहीतर 'पूर्ण मैदान कधी देणार?' म्हणणाऱ्या पालकांना उत्तर देताना पंचाईत होते.

सरावाला बर्फावर उतरताना कोचलाही हेल्मेट सक्तीचं आहे. क्लिनिकच्या, म्हणजे लेव्हलच्या प्रशिक्षण वर्गाच्या जागा लवकर भरतात, तेव्हा सीझनआधीच नाव घाला.