रोज धुते, तरी नॅपीला वास का येतो?

मागच्या अंकात कापडी नॅपीबद्दल सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतके प्रश्न आले की या वेळची सगळी जागा त्यांनाच देतेय. पहिलं पत्र मोठं आहे आणि निम्म्या आयांचं दुखणं त्यात आलंय, म्हणून उत्तर पण मोठं आहे.

प्रश्न : ताई, माझं बाळ सात महिन्यांचं आहे. मी खिशाच्या नॅपी वापरते, आत पॅड घालायचं असतं त्या, एकूण १४ आहेत. घरी फ्रंट लोड मशीन आहे. सुरवातीला सगळं छान चाललं होतं पण गेला दीड महिना सकाळी रात्रीची नॅपी काढली की डोळ्यांत पाणी येईल असा वास येतो. गंमत म्हणजे धुऊन वाळलेली नॅपी नाकाशी धरली तर काहीच वास नसतो, बाळाने एकदा शू केली की लगेच सुरू. मी बेबी लिक्विड थोडंसंच घालते, १५ मिनिटांच्या क्विक वॉशवर लावते, शेवटी अँटिसेप्टिकचं एक झाकण आणि कंडिशनर घालते. रोजच्या पाच-सहा नॅपी असतात. सासूबाई म्हणतात उकळून काढ, नवरा म्हणतो सोड आणि विकतचे डायपर आण. बाळाला मध्ये मध्ये लाल पण होतं. माझं काय चुकतंय? — एक आई, साखळी

उत्तर : अगं, नॅपी सोडू नको आणि उकळू पण नको. चुकतंय ते एवढंच की तुझ्या नॅपी मशीनमधून भिजून बाहेर येतायत, धुतल्या जात नाहीयेत.

ताज्या शूला तसा फारसा वास नसतो. त्यात युरिया असतो आणि कापडात राहून गेलेले जंतू त्याचा अमोनिया करतात, डोळ्यांना झोंबतो तो हाच. वाळलेल्या नॅपीला वास नाही आणि शू लागली की लगेच वास, ही तू लिहिलेली खूणच सांगते की मळ आत खोल बसलाय. आणि हाच अमोनिया बाळाच्या कातडीला पण सोसत नाही, कारण कातडीवरचा नेहमीचा आम्लपणा त्याने कमी होतो आणि शीमधले पाचक रस मग जास्त बोचतात, त्यामुळे ते लाल होणं आणि हा वास ही दोन वेगळी दुखणी नाहीत.

आता तुझ्या धुण्याकडे येऊ. क्विक वॉश हा ऑफिसला एकदा घालून काढलेल्या शर्टासाठी आहे. नॅपीला दोन धुणी लागतात. पहिलं छोटं, गार किंवा साध्या पाण्याचं, अर्ध्या तासाच्या आतबाहेर, थोडी पावडर घालून, त्यात शू आणि वरवरची घाण निघून ते पाणी बाहेर जातं. मग दुसरं मोठं, कॉटन प्रोग्रामचं, पावडर पूर्ण मापाची, जास्त मळक्या कपड्यांना पाकिटावर जेवढी लिहिलेली असते तेवढी. तापमान लेबल बघून ठेव, पॅडना बहुतेक ६० चालतं, बाहेरच्या कव्हरना ४० बरं. लेबलवर दोन्हींना ६० लिहिलं असेल तर एकत्रच टाक, कटकट नको.

पावडर म्हणजे घरात कपड्यांना वापरता ती मॅटिक पावडर, फ्रंट लोडची. बाळाचं म्हणून नाजूक लिक्विड आणि ते पण दोन थेंब, असं सगळ्या आया करतात, मी पण केलंय, पण शी आणि शू हा घरातल्या सगळ्या कपड्यांतला सगळ्यात वाईट मळ आहे आणि त्यालाच आपण सगळ्यात कमी साबण देतो. चांगल्या पावडरीत एन्झाइम असतात, ते शीमधली प्रथिनं तोडतात. पावडर नीट खळबळून गेली की बाळाला त्रास होत नाही, राहून गेलेला मळ मात्र त्रास देतो.

आणि पाच-सहाच नॅपी टाकू नको! फ्रंट लोडमध्ये कपडे वरून खाली आपटतात, एकमेकांवर घासतात, तेव्हा मळ सुटतो. एवढ्याशा नॅपी ड्रमच्या तळाला गोळा होऊन नुसत्या घरंगळतात. पहिलं धुणं नॅपींचं एकट्याचं कर, दुसऱ्याला बाळाचे कपडे, दुपटी, छोटे टॉवेल टाकून ड्रम दोनतृतीयांश ते पाऊण भर. मोठी चादर नको, ती सगळ्या नॅपी पोटात घेऊन बसते. पहिल्या धुण्यात पाणी कमी घेतंय असं दिसलं तर एक टॉवेल ओला करून टाक, मशीन वजन बघून पाणी घेतं ना, मग जास्त घेतं. धुणं मध्यावर असताना काचेतून बघ, कपडे एकमेकांना चिकटून लगदा झाल्यासारखे पडत असले आणि पाणी थोडं फेसाळ दिसलं तर बरोबर, काच भरून फेस असेल तर पावडर जास्त झाली, फेसाच्या गादीवर कपडे घासले जात नाहीत. पॅड खिशातून काढूनच टाकायचं आणि वेल्क्रो असेल तर बंद करून.

कंडिशनर आजपासून बंद. तो धाग्यावर मेणासारखा पातळ थर देतो, म्हणून तर टॉवेल मऊ लागतो, पण नॅपीने पाणी प्यायचं असतं गं. वाळलेल्या पॅडवर चमचाभर पाणी टाकून बघ. लगेच जिरलं तर ठीक, थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला तर थर बसलाय. तसाच थर रॅशच्या क्रीमचा बसतो, आणि आपल्याकडे खोबरेलाचा! मालीश करून आंघोळ आणि पुसून होतं न होतं तोच नॅपी, ते तेल सगळं पॅडमध्ये जातं. खोबरेल २४-२५ अंशांखाली गोठतं, तेव्हा जानेवारीतल्या सकाळच्या गार पाण्यात ते काय निघणार, त्याला गरम पाणी आणि पुरेशी पावडरच लागते. क्रीम लावायची तर मध्ये जुन्या मऊ सुती कापडाची पट्टी घाल. अँटिसेप्टिक पण नको. मळ तसाच ठेवून वर औषध ओतल्याने नॅपी स्वच्छ होत नाही आणि कापडात राहिलेलं ते पाणी दिवसभर कोवळ्या कातडीला लागून राहतं.

बाळ आता वरचं खातंय म्हणजे शीचा प्रकार बदलला. नुसत्या आईच्या दुधावरची शी पाण्यात विरघळते, नाचणीचं सत्त्व आणि भात सुरू झाला की ती आधी संडासात पाडून, जेटने धुऊन मगच मशीनला. (केळं खाल्ल्यावर शीत काळे दोरे दिसतात, ते केळ्याचेच, घाबरू नको.) मळलेल्या नॅपी बादलीत भिजत घालू नको, इलास्टिक सैल पडतं, आणि मुख्य म्हणजे रांगणारं मूल वाकून बादलीत पडलं तर थोड्याशा पाण्यात सुद्धा जीव जातो. हवेशीर टोपलीत कोरड्याच ठेव आणि एक दिवसाआड धू, आपल्या दमट हवेत तीन दिवस थांबू नये. रात्रीची नॅपी मात्र सकाळी काढल्या काढल्या नळाखाली पिळून ठेव, अर्धा वास तिथेच जातो.

आता बसलेला मळ काढायला, एकदाच, सगळे पॅड ६० अंशांवर पूर्ण पावडरीने लाव. लगेच दुसऱ्यांदा लाव, या वेळी पावडर न घालता. फेस दिसला तर जुना साबण अडकलेला आहे, फेस येईनासा होईतो नुसत्या पाण्याने खळबळ.

सासूबाईंचं उकळणं चुकीचं नाही बरं, त्यांच्या काळचे लंगोट निव्वळ सुती होते, त्यांना चालायचं. आजच्या कव्हरला आतून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. माझ्या थोरल्याच्या वेळी मी तीन कव्हरं पातेल्यात घालून चांगली उकळली आणि दोरीवर टाकताना बघते तर पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा सुटून आलेला, आत हवेचे फुगे. तीनही वाया गेली. साधे सुती लंगोट असतील तर उकळ खुशाल.

आणि बाळाचं लाल होणं दोन-तीन दिवसांत उतरलं नाही, किंवा जांघेच्या घडीत लालभडक होऊन कडेने बारीक पुटकुळ्या दिसल्या तर ती बुरशी असू शकते, डॉक्टरांना दाखव. धुणं बदलून ते बरं होणार नाही.

प्रश्न : आमच्याकडे जून ते सप्टेंबर काहीच वाळत नाही. पॅड दोन दोन दिवस ओलं राहतं, कुबट वास येतो, काही पॅडवर काळे ठिपके पण आलेत. ड्रायर घ्यावा का? — वाचक, पेडणे

उत्तर : घेऊ नका, निदान नॅपीसाठी तरी. गोव्यात वर्षाला ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस, बहुतेक सगळा या चार महिन्यांत, त्यात जाड शिवलेलं पॅड वाळणारच कसं, पाच-सहा थर एकत्र शिवलेले असतात आणि आतल्या थराला वारा लागतच नाही. पावसाळ्यापुरतं एकेरी कापडाकडे या. जुनं धोतर, नऊवारी, मलमलीचं दुपटं, याचे मोठे चौकोन फाडून घ्या, घडी घालून कव्हरच्या आत ठेवा. धुताना उलगडून एकेरी होतं म्हणून निघतं पण छान, आणि पंख्याखाली चार-पाच तासांत सुकतं. माझ्या आजेसासूबाई शेगडीवर डालगं उपडं घालून त्यावर बाळाचे लंगोट शेकवायच्या, ओवा-धुपाचा वास लागायचा त्यांना, पण नव्या कव्हरना ते करू नका, आणि इस्त्री पण नको. सुती चौकोनांना इस्त्री जरूर करा, राहिलेला दमटपणा जातो.

मशीनमध्ये शेवटी नुसतं स्पिन आणखी एकदा लावा, फरक पडतो. लाईट गेली आणि धुणं अर्ध्यावर राहिलं तर आल्यावर पुन्हा रिन्सपासून लावा, चार तास ओल्या बसलेल्या नॅपी तशाच दोरीवर घालू नका. पडवीत दोरी भिंतीपासून लांब बांधा आणि दोन नॅपींत हातभर अंतर ठेवा. काळे ठिपके बुरशीचे आहेत, जी पॅडं फार खराब झाली असतील ती बाळाला वापरूच नका, फरशी पुसायला घ्या.

प्रश्न : आमचं धुणं विहिरीच्या पाण्यावर. पांढऱ्या नॅपी लालसर पडल्या म्हणून ब्लीच घातलं तर डाग आणखी गडद झाले! विहिरीजवळच दगडावर मळ काढतो, मग मशीनला. — एक आजी, वाळपई

उत्तर : आजी, तो डाग शीचा नाही, लोहाचा आहे. आपल्याकडच्या जांभ्यातल्या पाण्याला लोह असतं कुठे कुठे, आणि ब्लीच लोहाला गंजवून धाग्यात पक्कं करतं, म्हणून गडद झाले. ब्लीच थांबवा. पाणी एका टाकीत रात्रभर ठेवून वरचं निवळ मशीनला घ्या, आणि धुऊन झाल्या झाल्या कापड बाहेर काढा. राहिला डाग तर राहू दे, स्वच्छ कापडावरच्या डागाने बाळाला काही होत नाही. शीचे पिवळे डाग मात्र ओलं कापड उन्हात टाकलं की एक-दोन दिवसांत जातात. आणि ब्लीच शू लागलेल्या कपड्यांवर किंवा संडास धुवायच्या ॲसिडबरोबर कधीच नाही, विषारी वायू होतो.

दुसरी गोष्ट मी जरा कळकळीने सांगते, रागावू नका. विहिरीजवळच्या दगडावर नॅपीचा मळ काढू नका. जांभा सच्छिद्र, वर ओतलेलं पाणी झिरपून पुन्हा विहिरीतच उतरतं आणि तेच तुम्ही पिता. शी संडासात टाका आणि ते पहिलं पाणी पण तिथेच ओता. मशीनचं पाणी पण विहिरीपासून १५-२० मीटर तरी लांबच्या खड्ड्यात जाऊ द्या. नॅपीत घालायचे कागदी लायनर मिळतात, त्यावर फ्लश करा असं लिहिलेलं असलं तरी सेप्टिक टँकमध्ये टाकू नका, ते तुंबतं.

प्रश्न : मशीन, वीज, पाणी एवढं सगळं खर्च करून विकतच्या डायपरपेक्षा खरंच काही वाचतं का? — एक बाबा, फोंडा

उत्तर : पर्यावरणाच्या बाजूने बघाल तर ते तुम्ही धुता कसे यावर आहे. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये अडीच वर्षांच्या वापराचा हिशोब केला होता, त्यात विकतच्यांचा कार्बनचा भार सुमारे ५५० किलो आणि कापडींचा सरासरी ५७० किलो आला, म्हणजे जवळपास बरोबरीच. पण मशीन पूर्ण भरून धुतलं, दोरीवर वाळवलं आणि त्याच नॅपी दुसऱ्या मुलाला वापरल्या तर कापडींचा भार सुमारे २०० किलोंनी उतरतो. दोरी तर आपल्या घरी आहेच. शिवाय घनकचरा नियमांप्रमाणे वापरलेला डायपर गुंडाळून वेगळा द्यावा लागतो, तो किती घरं देतात ते तुमच्या पंचायतीत कचरा गोळा करणाऱ्या बाईंना विचारा.

प्रश्न : नवीन कोऱ्या नॅपी आणल्या, पहिल्याच दिवशी सगळं गळलं. परत कराव्या का? — एक आई, डिचोली

उत्तर : थांबा जरा. कोऱ्या सुती कापडाला धाग्याचं मूळचं तेल असतं, पाच-सहा धुण्यांनंतर कापड पूर्ण पाणी प्यायला लागतं. रोजच्या कपड्यांबरोबर टाकत रहा आणि मध्ये ते चमचाभर पाणी टाकून बघा.