हे तर खरंच घडलंय हो!

प्रश्न: मी पहिल्यांदाच कथा लिहिलीय, सोबत पाठवतोय. आमच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेचा चेअरमन ठेवीदारांचे पैसे घेऊन पसार झाला, आणि पळायच्या आदल्या दिवशी त्याने घरी सत्यनारायण घातला, निम्मे ठेवीदार प्रसाद खाऊन गेले. डोळ्यांदेखत घडलंय हे, माझ्या मावशीची एफडी बुडाली त्यात. पण आमच्या ग्रुपमध्ये वाचली तर सगळे म्हणाले, फारच फिल्मी, असं कुठं असतं का. खरं घडलेलंच पटत नसेल तर व्हिलन लिहायचा कसा?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: कथा वाचली. सत्यनारायण मला पटला, चेअरमन नाही पटला.

सीरियल किलर चार्ल्स शोभराजचं बघा. मार्च १९८६ मध्ये वाढदिवसाच्या नावाखाली पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून हा तिहारमधून पळाला आणि तीन आठवड्यांत गोव्यात पर्वरीच्या ओ कोकेरो हॉटेलात मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडेंच्या हाती सापडला. हे असंच लिहिलंत तर कुणीही विचारेल की एवढा बिलंदर माणूस देश सोडून का नाही गेला? तर थायलंडमध्ये त्याच्यावर खुनाचे आरोप होते, तिकडे फाशीची भीती, आणि इथली शिक्षा संपत आलेली. पळून परत पकडलं गेलं की इथला मुक्काम वाढणार आणि तेवढ्यात तिकडच्या वॉरंटची वीस वर्षांची मुदत उलटणार, हा त्याचा हिशोब होता असं मानतात, आणि झालंही तसंच, १९९७ ला सुटला तेव्हा थायलंडचा विषय संपलेला. हिशोब कळला की तीच अचाट गोष्ट एकदम सरळ वाटते की नाही? (पुढे २००३ मध्ये हाच माणूस आपणहून नेपाळात गेला, जिथे खुनाची जुनी केस होती, कॅसिनोत सापडला आणि जन्मठेप झाली. याला हिशोब मला तरी सापडत नाही, म्हणून मी हे कथेत कधीच घेणार नाही, खरं असलं तरी.)

दुसरं म्हणजे तुमचा चेअरमन फार एकटा आहे हो. बनावट स्टॅम्प पेपर विकणारा तेलगी एकटा लिहिला तर जादूगार वाटेल. पण नाशिकच्या सरकारी प्रेसमधली भंगारात काढलेली मशिनं त्याच्यापर्यंत पोचू देणारं कुणीतरी होतं, बँका न् इन्शुरन्स कंपन्यांना ठोक स्टॅम्प पेपर हवे होते आणि आणून देणारा एजंट कोण हे कुणाला विचारायचं नव्हतं. २००१ मध्ये अजमेरला अटक झाली, आणि नंतर कोठडीत असायला हवा तो गडी स्वतःच्या कफ परेडच्या फ्लॅटवर सापडला! हे पटतं कारण तोवर आजूबाजूचे दहा हात आपण बघितलेले असतात.

तुमच्याकडे ते हात आहेतच, तुम्ही लिहिले नाहीत एवढंच. रोज दुकानोदुकानी फिरणारा पिग्मी एजंट, गावातलाच पोरगा, त्याला कमिशन हवंय. नॅशनलाइज्ड बँकेपेक्षा दीड-दोन टक्के जास्त व्याज. पाहुण्यारावळ्यांना विनातारण कर्ज, आणि त्यावर सही करणारे संचालक, ज्यांनी कागद वाचलाच नसेल किंवा वाचून गप बसले असतील. आणि चेअरमननं पहिल्यांदा पैसे उचलले तेव्हा पळायचं थोडंच ठरवलं असेल, हंगामात ऊसबिल आलं की भरून टाकू म्हणाला असेल. मावशी एफडी मोडायला गेली तेव्हा त्याला एवढंच बोलू द्या, “आक्का, मुदतीआधी मोडलीसा तर व्याज बुडतंय बघा तुमचं.” तो तिच्या भल्याचं बोलतोय असं तिलाही वाटलं पाहिजे आणि पाच सेकंद त्यालाही. तुम्ही त्याला पूजेला बसून मिशीत हसवलंय ते आधी काढा, माझ्या मते त्याने मनापासून हात जोडले असणार, नवस बोलला असणार.

आणि पूजा कथेच्या शेवटी धक्का म्हणून ठेवू नका, मधे कुठंतरी आणा, मावशी त्याच्याच स्वयंपाकघरात शिरा ढवळतेय अशी. ती गेली होती ना त्या दिवशी? निघताना चेअरमनला काय म्हणाली ते तिला एकदा विचारा, रागावली तरी विचारा. तुमच्या कथेत ती एक शब्दही बोलत नाही.