कायद्याचं शिक्षण नसलेल्या माणसाने विद्यापीठाच्या विधी विभागातली व्याख्यानं, चर्चासत्रं ऐकायला जावं का?

तुम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, नोकरी करता आणि राज्यघटनेबद्दल कुतूहल आहे, एवढं प्रश्नात लिहिलंय. शंका तीन: आत सोडतील का, कळेल का, आणि नुसतं ऐकून काय मिळतं?

आत सोडतात. निमंत्रणपत्रिकेवर ‘सर्वांसाठी खुले’ असं असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर विभागाच्या कार्यालयात फोन करून विचारा, बहुतेकदा ‘या की’ असंच उत्तर मिळतं. हल्ली फाटकावर वहीत नाव लिहून घेतात, तेव्हा एखादं ओळखपत्र खिशात ठेवा. मी स्वतः वकील नाही, सहकारी बँकेत नोकरी केली. पुण्यात या व्याख्यानांना मागच्या रांगेत बसत आलोय आणि मला अजून कुणी उठवलेलं नाही.

तिसऱ्या शंकेला मात्र एक गोष्टच सांगावी लागेल.

फेब्रुवारी १९६५. बनारस हिंदू विद्यापीठाच्या विधी विद्याशाखेत एका जर्मन प्राध्यापकाचं व्याख्यान झालं. त्यांचं नाव डीटर कॉनराड, हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेतले. विषय ऐकायला रुक्ष: घटनादुरुस्तीच्या अधिकाराला काही गर्भित, म्हणजे लिहिलेल्या नसलेल्या पण आतच असलेल्या, मर्यादा असतात का? संसदेने दोन तृतीयांश बहुमत जमवलं की घटनेत वाट्टेल तो बदल करता येतो, असाच तेव्हा आपल्याकडचा रूढ समज होता. कॉनराडनी श्रोत्यांपुढे काही प्रश्न टाकले. उद्या दुरुस्ती करून कलम २१ काढून टाकलं आणि कायद्याच्या आधाराशिवाय माणसाचा जीव किंवा स्वातंत्र्य घेता येईल असं ठरवलं, तर चालेल? पहिलं कलम बदलून देशाचे दोन तुकडे केले तर? दुरुस्तीचाच अधिकार वापरून घटना मोडीत काढली आणि मुघल बादशहा किंवा इंग्लंडचा राजा परत गादीवर बसवला तर?

हे हवेतलं बोलणं नव्हतं. जर्मनीत पहिल्या महायुद्धानंतर आलेली लोकशाही घटना, वायमार घटना, कागदावर तशीच राहिली आणि १९३३ मध्ये हिटलरने तिच्यातल्याच तरतुदी वापरून तिला आतून पोखरलं. म्हणून १९४९ च्या जर्मन घटनेत कलम ७९(३) आलं: माणसाची प्रतिष्ठा, लोकशाही, संघराज्य या गोष्टींना दुरुस्तीनेसुद्धा हात लावायचा नाही. आपल्या घटनेत असं कलम नाही. कॉनराडचं म्हणणं असं की, लिहिलेलं नसलं तरी ते गृहीत धरावं लागतं, कारण घटनेनेच जन्माला घातलेल्या संस्थेला घटनेचे खांब पाडता येत नाहीत.

या व्याख्यानातला युक्तिवाद ज्येष्ठ वकील एम. के. नंबियार यांच्यापर्यंत पोचला आणि त्यांनी तो गोलकनाथ खटल्यात (संसदेला घटनादुरुस्तीने मूलभूत हक्क कमी करता येतात का, हा त्यातला प्रश्न) सर्वोच्च न्यायालयापुढे मांडला. १९६७ च्या त्या निकालात सरन्यायाधीश सुब्बा राव यांनी युक्तिवादात दम आहे असं म्हटलं, पण निर्णय वेगळ्याच मुद्द्यावर दिला. मग दुरुस्तीच्या अधिकाराचाच प्रश्न घेऊन आला केशवानंद भारती खटला. तेरा न्यायमूर्ती, ६८ दिवस सुनावणी, या अधिकाराला मर्यादा आहे असं मांडायला मुंबईचे वकील नानी पालखीवाला आणि सरकारच्या बाजूने मुंबईचेच एच. एम. सिरवई. २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा मतांनी ठरलं की घटना दुरुस्त करता येते, पण तिची मूलभूत चौकट मोडता येत नाही. न्या. हंसराज खन्नांनी त्यांच्या निकालपत्रात कॉनराड यांच्या लेखनाचा हवाला दिला आहे.

आता ‘एका व्याख्यानाने भारताची घटना वाचवली’ असं कुणी सांगितलं तर अर्धंच खरं माना. कॉनराडच्या काही महिने आधी, ऑक्टोबर १९६४ मध्ये, सज्जनसिंग खटल्याच्या निकालात आपल्या न्या. मुधोळकरांनी विचारलं होतंच की, घटनेचं मूलभूत वैशिष्ट्य बदलणं ही दुरुस्ती की घटनेचाच एक भाग नव्याने लिहिणं? म्हणजे विचार हवेत होता. व्याख्यानाने त्याला मुद्देसूद आकार दिला आणि वकिलाच्या हाती पोचवला. आणि एक गंमत: केशवानंद खटल्यातले दोन मराठी न्यायमूर्ती, पालेकर आणि यशवंत चंद्रचूड, दोघेही अल्पमतात होते. त्याच चंद्रचूडांनी पुढे सरन्यायाधीश म्हणून १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्सच्या निकालात बहुमताचं निकालपत्र लिहिलं आणि मूलभूत चौकटीच्याच आधारे आणीबाणीत झालेल्या ४२ व्या घटनादुरुस्तीतले भाग रद्द केले.

प्रत्येक व्याख्यानातून असं काही निघत नाही, उघड आहे. पण न्यायालयात चार-पाच वर्षांनी गाजणारा मुद्दा अशा सभागृहांत आधी कच्च्या स्वरूपात ऐकू येतो. तिथे वक्त्याला कुठल्या पक्षकाराची बाजू घ्यायची नसते, त्यामुळे ‘इथे माझी खात्री नाही’ असंही तो म्हणू शकतो. वकील कोर्टात असं म्हणेल का?

ही भाषणं वकिलांपुरतीच असतात, हाही समज सोडा. इंग्लंडमध्ये टॉर्कीच्या एमा हॅम्लिन नावाच्या बाई १९४१ मध्ये वारल्या. सामान्य लोकांना त्यांच्या कायद्याची किंमत कळावी यासाठी त्यांनी मृत्युपत्रात मालमत्ता ठेवली. त्यातून १९४९ मध्ये हॅम्लिन व्याख्यानं सुरू झाली, पहिली तिथले न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांची. १९६० मध्ये ती व्याख्यानं आपले पहिले महान्यायवादी (केंद्र सरकारचे मुख्य वकील), मुंबईचे मोतीलाल सेटलवाड यांनी दिली, भारतातल्या कॉमन लॉवर, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडत गेलेल्या इंग्रजी पद्धतीच्या कायद्यावर.

चर्चासत्रांबद्दल मात्र माझं मत तितकं चांगलं नाही. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, मान्यवरांचा परिचय (मान्यवर स्वतःच कंटाळलेले), यात सकाळ जाते. मग दुपारी चार खोल्यांत एकाच वेळी पेपरवाचन, प्रत्येकी दहा मिनिटं. वाचणाऱ्याचं लक्ष प्रमाणपत्राकडे आणि अध्यक्षांचं घड्याळाकडे. विद्यार्थ्यांना आणि बढतीसाठी प्राध्यापकांना ते लागतं, त्यात त्यांचा दोष नाही. पण तुम्ही रजा टाकून आणि नोंदणी शुल्क भरून दिवसभर कशाला बसता? बीजभाषण ऐका, जेवणानंतरचा परिसंवाद चांगल्या नावांचा असेल तर थांबा, नाहीतर सरळ घरी या. स्मृतिव्याख्यान सहसा चुकवू नका. एकच वक्ता, तासभर, तयारी करून आलेला.

कळेल का, याचं उत्तर तयारीवर आहे. व्याख्यानं बहुधा इंग्रजीत असतात आणि वक्ता खटल्यांची नावं नुसती फेकत जातो. विषय आधी कळला की त्यातला एक, फक्त एक, निकाल वाचून जा. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल २०२३ पासून ई-एससीआर या न्यायालयाच्याच ऑनलाइन संग्रहात फुकट मिळतात आणि काहींचे मराठी अनुवादही आहेत. आधी वरची हेडनोट, म्हणजे निकालाचा थोडक्यात गोषवारा, वाचा, मग ज्या परिच्छेदावर वाद आहे तो. केशवानंदसारखं शेकडो पानांचं निकालपत्र पहिल्याच घासाला घेऊ नका. समोरचा संदर्भ एकदा जरी ओळखीचा निघाला तरी बाकीच्या भाषणाला धागा सापडतो.

प्रश्नोत्तरांसाठी थांबाच, बऱ्याचदा खरा माल तिथेच असतो. मराठीत विचारलंत तरी चालतं, मी तसंच विचारतो. फक्त एक पथ्य पाळा. दर व्याख्यानाला कुणीतरी माइक हातात घेऊन स्वतःच्या सातबाऱ्याची नाहीतर सोसायटीच्या पार्किंगची कैफियत सुरू करतं, वक्ता अवघडतो आणि मागे हात वर केलेल्या मुलीचा चांगला प्रश्न राहून जातो. असा स्वतःचा दावा असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना तिथे वकील मोफत मिळतो.