पुण्याहून काइटसर्फिंग शिकायला कुठे जावं? दिवाळीच्या सुट्टीत ५०,००० रुपयांत जमेल का? की परदेशात जावं?

काइटसर्फिंग म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवर उभं राहून पाण्यावरून घसरत जाणं. ५०,००० मध्ये जमेल. दिवाळीत जमणार नाही.

हे शहाणपण मी स्वतःचे पैसे घालवून मिळवलंय. हिंजवडीत नोकरी, सुट्ट्या मोजक्या, म्हणून पहिल्या वेळी भाऊबीज उरकली आणि त्याच रात्री गोव्याची बस धरली. तीन दिवसांच्या कोर्सचे पैसे आधीच भरलेले. पुढचे पाच दिवस वाळूत बसून होतो. दुपारी तीनच्या सुमाराला वारा यायचा, माडाच्या झावळ्या जरा हलवायचा आणि निघून जायचा. पैसे परत मागितले तर ‘पुढच्या वेळी या’ म्हणाले. गोव्याला दोष देत नाही. मोरजी-आश्वेच्या बाजूला फेब्रुवारी ते मे दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो. पण तो हलका, आणि माझं वजन ८४ किलो.

शिकायला साधारण १२ ते २० नॉट वारा लागतो, म्हणजे ताशी २२ ते ३७ किलोमीटर. रविवारी सकाळी कर्वे रस्त्यावरून स्कूटर जाते तेवढा. आणि तो तासन्‌तास एकसारखा हवा, झोतांनी येणारा नको. पावसाळ्यात कोकणात वारा भरपूर असतो, पण समुद्र इतका खवळलेला की मासेमारसुद्धा नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवतात. तिथे नवख्याचं काम नाही.

म्हणून माझं उत्तर: रामेश्वर. हो, तेच, आजी-आजोबांच्या यात्रेतलं. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीवर पाऊस रिकामा करतात आणि पलीकडे कोरडे पोचतात. मावळात धो-धो आणि बारामतीत ऊन, तोच प्रकार. मे ते सप्टेंबर तिथे पाऊस फारसा नाही, वारा मात्र भरपूर. जानेवारी ते मार्च पुन्हा वारा असतो, तेव्हा ईशान्येकडून. बेट अरुंद आहे. उत्तरेला पाल्कची सामुद्रधुनी, दक्षिणेला मन्नारचं आखात. त्यामुळे वाऱ्याची दिशा बदलली तरी एका ना एका बाजूला सपाट, उथळ पाणी सापडतं. कमरेएवढ्या पाण्यात पडलात तर उभं राहायचं, पतंग सावरायचा, पुन्हा सुरू. खोल पाण्यात हाच धडा शिकायला जास्त वेळ जातो, आणि इथे वेळ म्हणजे पैसे. दिवाळीच्या सुमाराला नेमका वारा फिरत असतो आणि तमिळनाडूचा खरा पाऊस सुरू होतो. म्हणून मी १५ ऑगस्टच्या आगेमागे रजा टाकली.

माझा त्या वेळचा खर्च सांगतो. कोर्स १० तासांचा, ३०,०००. सहा रात्रींची खोली ५,०००. यात्रेचं गाव असल्याने साधी राहण्याची सोय स्वस्त पडते. जाणं-येणं ४,०००. मुंबई–नागरकोइल गाडी पुण्यावरून जाते, साधारण तीसेक तासांत मदुराई, तिथून बसने आणखी चारेक तास. खाणं आणि किरकोळ ३,०००. झाले ४२,०००. उरलेले आठ हजार खर्चू नका. त्यातून दोन दिवस जास्त राहता येतं, आणि वारा रुसला तर तेच दोन दिवस कामी येतात. विमान घेतलंत तर हा हिशोब मोडतो.

पैसे भरण्याआधी शाळेला तीन गोष्टी लेखी विचारा. वारा नसला तर तास पुढे ढकलणार की बुडणार? एका शिक्षकामागे किती जण? दोघांत एक पतंग असेल तर १० तासांतले पाचच तुमचे, बाकीचे पाच दुसऱ्याची पडझड बघण्याचे. आणि वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत असेल तर शिकवतात का? ‘हो, काही होत नाही’ असं म्हणाले आणि सोबतीला बचावाची बोट नसली तर तिथे जाऊ नका. हार्नेस (पतंग अडकवायचा कमरेचा पट्टा), दोऱ्या, पतंग सगळं भाड्याने मिळतं. ओएलएक्सवर स्वस्तात दिसणारा जुना पतंग घेऊ नका. पतंगात हवा भरून ठेवणारी नळी गळकी निघू शकते आणि संकटात पतंग अंगापासून सोडवणारी कळ जुन्या पद्धतीची असू शकते.

पुण्यात बसून करण्यासारखं एकच: पोहणं पक्कं करा. टेकडीवर सरावाचा छोटा पतंग उडवून पाहिला, पण वारा झोतांनी येतो आणि लोक ‘सिनेमाचं शूटिंग आहे का’ विचारतात. संक्रांतीचा अनुभव उपयोगी पडेल असं वाटलं होतं. उलटा पडला. गच्चीवर पतंग गोता खायला लागला की आपण जिवाच्या आकांताने मांजा खेचतो. इथे पतंगाच्या दोऱ्या जोडलेला हातातला दांडा अंगाकडे ओढला की जोर वाढतो, सोडला की जोर मरतो. घाबरल्यावर हात सोडायचा, हे डोक्याला कळायला दहा मिनिटं लागली आणि हातांना दोन दिवस. तोवर मी वीस-वीस फूट पाण्यावरून तोंडावर घासत गेलो. शिक्षक किनाऱ्यावरून तमिळ वळणाच्या हिंदीत ‘छोडो, छोडो’ ओरडत होता. चौथ्या दिवशी फळीवर उभा राहिलो, अंदाजे सात सेकंद. वाऱ्याच्या उलट दिशेने जाणं अजून जमलेलं नाही.

परदेशाचंही विचारलंय. श्रीलंकेत कल्पिटिया चांगलं आहे, मोसम बराचसा रामेश्वरसारखाच. व्हिएतनामचं मुई ने नोव्हेंबर ते मार्च. पण विमान आणि व्हिसाचे पैसे आधी जाणार, तास त्यातून उरलेल्या पैशांत. आधी इथे उभं राहायला शिका.

एक दिवस वारा पडला तेव्हा देवळातल्या बावीस कुंडांचं स्नान केलं आणि धनुष्कोडीला जाऊन १९६४ च्या वादळात उद्ध्वस्त झालेलं गाव पाहिलं. आईने नातेवाइकांना ‘रामेश्वरला गेलाय’ एवढंच सांगितलं होतं, सगळे खूश. काशीला निघालेल्या मावशीसाठी तिथली वाळू आण म्हणाली होती, ती मी साफ विसरलो. घरी येऊन बूट झटकले, वाटीभर निघाली.