लोनवर निघालेल्याला

डिचोली, रविवार रात्र

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

तुझ्या क्लबने तुला मिझोरामच्या ऐझॉल फुटबॉल क्लबला काही काळापुरतं उसनं दिलं, हा तुझा निरोप वाचला. "काका, मला ऐझॉलला लोनवर टाकलं." त्यातलं 'टाकलं' मला खटकलं. आपल्याकडचे तारवटी, जहाजावर काम करणारे, करार संपला की घरी येतात, बोलावणं आलं की पुन्हा बॅग भरतात. त्यांना कुणी टाकलं म्हणतं का? माझी चौदा वर्षं तशीच गेली, नऊ क्लबांत.

मला असं फिरायचं नव्हतं. ब्रह्मानंद शंखवाळकरांनी वर्षानुवर्षं आपल्या गोव्याच्या साळगावकर क्लबचा गोल राखला. मलाही तसंच एका जर्सीत म्हातारं व्हायचं होतं. पण ते ब्रह्मानंद, आणि मी एक बरा लेफ्ट बॅक, डावीकडचा बचावपटू. फार वाईट वाटून घेऊ नकोस, पण तूही सध्या बराच आहेस.

ऐझॉलचं नाव ऐकून तोंड वाकडं केलंस, म्हणून एक गोष्ट सांगतो. 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या क्लबांनी आय-लीगमधून, म्हणजे देशपातळीवरच्या लीगमधून, अंग काढून घेतलं. त्या उन्हाळ्यात फोन वाजला की आम्ही उडी मारून घ्यायचो. ऐझॉल आदल्या मोसमात खालच्या डिव्हिजनला गेलं होतं. आपले क्लब बाहेर पडले म्हणून त्यांना परत जागा मिळाली. मुंबईहून गेलेल्या खालिद जमीलनी संघ बांधला, मुंबईचाच जयेश राणेही त्यात होता. 30 एप्रिल 2017 ला शिलाँगमध्ये तिथल्या लाजाँग क्लबशी 1-1 बरोबरी केली आणि लीग त्यांची झाली. जयेश पुढे कोलकाता, बंगळुरू असा खेळत राहिला. आपण सोडलेल्या जागेवर ते चॅम्पियन झाले, हे मला अजून बोचतं. असो.

आता कागदाचं बोलू. तिथे पगार कोण देणार? तुझा क्लब, तिथला क्लब, की निम्मा-निम्मा? निम्मा-निम्मा असेल तर कुणाचा किती आणि कुठल्या तारखेला, हे लिहून घे. नाहीतर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतील. एका क्लबने (नाव कशाला) माझे तीन महिन्यांचे पैसे थकवले. मॅनेजर दर सोमवारी "पुढच्या आठवड्यात" म्हणायचा. चांगला माणूस होता, चहा पाजायचा. मी एक ओळही लेखी दिली नाही. मोसम संपला, मी घरी आलो, पैसे आले नाहीत. 2018 पासून फिफाच्या नियमांत स्पष्ट आहे: दोन महिन्यांचा पगार बेकायदा थकला, तर खेळाडूने लेखी नोटीस द्यायची, पैसे भरायला पंधरा दिवस द्यायचे, तरी आले नाहीत तर करार मोडायला ते योग्य कारण ठरतं. भिडेपोटी गप्प बसणाऱ्याला हा नियम उपयोगाचा नाही. आणि जखम झाली तर ऑपरेशनचा खर्च कुणाचा, तेही विचार. विचारल्यावर मॅनेजरचा चेहरा पडला, तर पडू दे.

तिथे कृत्रिम टर्फ आहे. भात कापल्यावर शेतात खेळताना घालायचास ते लांब स्टडचे बूट घरीच ठेव. पाय अडकला की गुडघा वळतो. टर्फचे बूट घे, पैसे कमी पडले तर मला सांग.

पहिले दोन आठवडे कोचचं लक्ष असतं. तेव्हा समोरच्याच्या दोन पायांमधून चेंडू काढायचा नटमेग दाखवू नकोस. तुझी जागा डावी, पण उजवा बॅकही खेळतो असं सांग, आणि खरंच खेळ. मी एका क्लबात तिसरा लेफ्ट बॅक होतो. उजवीकडच्याला दोन पिवळी कार्डं मिळाली म्हणून मैदानात उतरलो आणि पुढे अकरा सामने बाहेर आलो नाही. मिझो चार शब्द शीक. बचावात ओरडावं लागतं, आणि तिथे कोकणीत ओरडून काय उपयोग?

सुट्टीत कुणी पैसे देऊन गावच्या टूर्नामेंटला बोलावेल. कोलकात्यात त्याला खेप म्हणतात. मीही खेळलो आहे, खोटं कशाला बोलू. पण तिथे घोटा मुरगळला तर क्लबला काय सांगणार?

गणेश चवथीला घरी येता येणार नाही, हे आईला आत्ताच सांग. आदल्या दिवशी फोनवर सांगू नकोस. मी तसं केलं होतं.

सही गुरुवारी आहे ना? बुधवारी संध्याकाळी कराराची प्रत घेऊन घरी ये. काकू पातोळ्या करणार आहे. माझा चष्मा फुटलाय, तेव्हा तू मोठ्याने वाच, बारीक अक्षरातलंसुद्धा.

तुझा,
काका