आईबाबा दारू घेत नाहीत, त्यांना यॉर्कच्या छोट्या जुन्या पबमध्ये नेऊ का?

तुमचा प्रश्न असा आहे: आईबाबा महिनाभरासाठी आलेत, एक दिवस यॉर्कला नेताय, गावातला एखादा लहान, जुना पब त्यांना दाखवावासा वाटतोय, पण दोघंही दारू घेत नाहीत, तर तिथे नुसतं जाऊन बसलेलं चालतं का?

जरूर न्या. मी अकरा वर्षं इंग्लंडमध्ये, लीड्सला राहते आणि माझी आई सांगलीहून आली तेव्हा मी तिला यॉर्कच्या फॉसगेट रस्त्यावरच्या 'ब्लू बेल' पबमध्येच नेलं होतं. आईच्या डोक्यात दारू पिण्याची जागा म्हणजे परमिट रूम. काळोखी, एसटी स्टँडजवळची, बायकांनी रस्ता ओलांडून पलीकडून जायची. १९४९च्या दारूबंदी कायद्यापासून आपल्याकडे प्यायला परवाना लागतो, त्यातूनच ते नाव आलं आणि त्यातूनच ती लपवाछपवीही आली. इथल्या पबचा इतिहासच वेगळा. 'पब्लिक हाउस', म्हणजे चार लोकांनी येऊन बसायचं घर, असा त्या शब्दाचा अर्थ आहे. आईला मी तेवढंच सांगितलं होतं. आत गेल्यावर ती इकडेतिकडे बघून म्हणाली, "अगं, हा तर वाड्यातला सोपा आहे."

आणि तसाच आहे तो. पुढे एक खोली, मागे एक खोली, बाजूने बोळासारखा अरुंद पॅसेज आणि त्या पॅसेजमधूनही पेय घेता यावं म्हणून भिंतीत खिडकी. बस, एवढाच पब. भिंतींना गडद लाकडी फळ्या. ही सगळी मांडणी १९०३ सालची आहे आणि ती जवळजवळ जशीच्या तशी राहिली आहे. त्या काळी पबमध्ये अशा वेगवेगळ्या खोल्या असायच्याच: पुढची साध्या कामगार गिऱ्हाइकांची, मागची 'स्मोक रूम' जरा बऱ्या कपड्यातल्यांची. १९६० आणि ७०च्या दशकांत इंग्लंडभर या भिंती पाडून मोठे हॉल करण्यात आले, आणि शेकडो पबांचा जीव तिथेच गेला असं माझं स्पष्ट मत आहे. खोली लहान असली की शेजारच्याशी बोलल्याशिवाय राहवत नाही. हॉलमध्ये माणूस आपल्या टेबलापुरता उरतो. ब्लू बेल मात्र 'ग्रेड टू स्टार' दर्जाची संरक्षित वास्तू आहे, त्यामुळे आतल्या भिंतीला मनाला येईल तसा हात लावता येत नाही.

आता तिथे वागायचं कसं. आईबाबांना बसवा आणि तुम्ही काउंटरवर जा. टेबलापाशी ऑर्डर घ्यायला कोणी येत नाही. काउंटरपुढे रांग दिसणार नाही, पण रांग असते, आणि ती सगळ्यांच्या डोक्यात असते. तुमच्या आधी आलेल्याला सोडून तुम्हाला विचारलं, तर "हे माझ्या आधी आहेत" एवढं म्हणा. या एका वाक्याने तिथे जेवढा मान मिळतो तेवढा दुसऱ्या कशाने मिळत नाही. हात हलवून किंवा हाक मारून बोलावू नका. पैसे तिथल्या तिथे द्यायचे. टीप ठेवायची पद्धत नाही. फारच आवडलं तर काउंटरवरच्याला "आणि एक तुमच्यासाठी" म्हणतात, म्हणजे त्याच्या एका पेयाचे पैसे आपण द्यायचे.

आईबाबांसाठी 'लाइम अँड सोडा' मागा. आपलं लिंबूसोडा समजून मीठ शोधू नका, ते गोड सरबत असतं. ते स्वस्त असतं आणि ते मागितल्याबद्दल कोणी भुवई उंचावत नाही. तुम्ही घेणार असाल तर हाताने ओढायच्या लांब दांड्याच्या पंपातली एल, म्हणजे इथली पारंपरिक बिअर घ्या, आणि अर्धा पाइंटच, म्हणजे २८४ मिलिलिटर. ती पिंपातच शेवटपर्यंत आंबत राहते, पण फारशी फसफसत नाही, आणि तळघरात साधारण १२ अंशांवर ठेवतात म्हणून बर्फासारखी गारही लागत नाही. पहिल्या घोटाला 'कोमट आहे' वाटेल. तिसऱ्या घोटाला चव कळायला लागते. यॉर्कशरमध्ये पंपाच्या तोंडाला बारीक छिद्रांची जाळी लावतात, त्यामुळे वर साईसारखा दाट फेस येतो. यॉर्कशरमधल्याच कीथली गावच्या टिमोथी टेलर कंपनीची 'लँडलॉर्ड' ही एल मिळाली तर तीच घ्या, असा माझा आग्रह आहे.

शाकाहारी असाल तर एक गोष्ट नक्की विचारा. पिंपातली एल नितळ करायला बरेचदा माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात. मला हे दोन वर्षांनी कळलं आणि फार वाईट वाटलं होतं. खाण्यातही 'पोर्क स्क्रॅचिंग्ज' नावाची पाकिटं असतात, ती म्हणजे तळलेली डुकराची कातडी. साधे वेफर्स घ्या आणि पाकीट मधोमध फाडून टेबलावर सपाट पसरून ठेवा, इथे तसंच वाटून खातात.

शेजारच्या कोणी "मी आणतो" म्हणून तुमच्यासाठीही पेय आणलं, तर पुढची फेरी तुमची. याला 'राउंड' म्हणतात आणि ती चुकवणं फार वाईट दिसतं. तुम्ही सोडा पीत असलात तरी राउंड द्यायचीच. घाई असेल तर सुरुवातीलाच आभार मानून नको म्हणा, कोणी रागवत नाही.

एकच चूक करू नका, जी मी एकदा दुसऱ्या एका चिमुकल्या पबात केली होती: शनिवारी संध्याकाळी ऑफिसातल्या सहा जणांना घेऊन गेले. आमच्यामुळे रोज येणाऱ्या दोन म्हाताऱ्यांना उभं राहायलाही जागा उरली नाही. त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही, ग्लास संपवले आणि निघून गेले. ते मला अजून लागतं. त्यांच्यासाठी ती संध्याकाळची बैठक होती, आमच्यासाठी नुसती गंमत. तुम्ही तिघंच आहात, ते उत्तम.

कामाच्या दिवशी, दुपारी जा. आधी त्याच रस्त्यावरचा मर्चंट अ‍ॅडव्हेंचरर्स हॉल बघा. १३५७ साली बांधायला घेतलेली व्यापाऱ्यांची ती लाकडी वास्तू वडिलांना आवडेल. तिथून पब अगदी चार पावलांवर आहे. पाटी लहान आहे आणि बाहेरून आतलं फारसं दिसत नाही, म्हणून दाराशी पाय अडखळतात. सरळ दार ढकला. मागची खोली मोकळी असेल तर आईबाबांना तिथे बसवा, आणि उघडायच्या वेळा बदलत असतात, त्या निघण्याआधी तपासून घ्या.